लेसरनं इलेक्ट्रॉन पळवायचे : यंत्र लहान झालं म्हणजे नेमकं काय लहान झालं?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

औंढ्याला लायगोची (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची) जागा ठरली तेव्हापासून आमच्या हिंगोली-वसमत पट्ट्यात लेसर म्हटलं की लोक कान टवकारतात. सध्या एक ढकलपत्र फिरायलंय : 'औंढा नागनाथला लेसरने इलेक्ट्रॉन पळवणार, सर्नचं २७ किलोमीटरचं यंत्र टेबलावर मावणार.' (सर्न म्हणजे युरोपातली कण-भौतिकीची मोठी प्रयोगशाळा.) मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणून पोरांपासून त्यांच्या आजोबांपर्यंत सगळे मलाच विचारायलेत. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

आधी औंढ्याचं. लायगो-इंडियात काहीही पळवणार नाहीत. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटरची, आत निर्वात, टोकाला आरसे आणि मधून अखंड चालणारा अत्यंत स्थिर लेसर. गुरुत्वीय लहर गेली की दोन बाजूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक फरक पडतो, तो मोजायचा. २०१६ साली तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची सुमारे २६०० कोटींची मंजुरी. इलेक्ट्रॉन पळवण्याचा आणि त्याचा संबंध एवढाच की दोन्हीकडं लेसर आहे.

पण ढकलपत्राचा दुसरा तुकडा अगदीच हवेतला नाही. लेसरच्या जोरावर बोटाएवढ्या लांबीत इलेक्ट्रॉनला अब्जावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा देता येते, आणि हे वीस वर्षांपासून प्रयोगशाळेत चाललंय.

नेहमीच्या त्वरकात (कण पळवणाऱ्या यंत्रात) तांब्याच्या किंवा नायोबियमच्या पोकळ डब्यांची माळ असते. त्यात रेडिओ लहरी सोडायच्या आणि त्यांच्या विद्युतक्षेत्रानं इलेक्ट्रॉनला डब्या-डब्यात ढकलत न्यायचं. क्षेत्र वाढवत नेलं की एका मर्यादेला धातूचा पृष्ठभागच ठिणग्या टाकायला लागतो. व्यवहारात मीटरमागे काही कोटी व्होल्ट मिळतात, फार ताणलं तर दहा कोटींच्या आसपास. मग जास्त ऊर्जा हवी तर लांबी वाढवा. स्टॅनफर्डचा सरळ त्वरक ३.२ किलोमीटर लांब झाला तो यामुळंच. त्यातून इलेक्ट्रॉन ५० जीईव्हीपर्यंत जायचे (एक जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट).

१९७९ साली तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी कागदावर एक वाट दाखवली. धातू जळतो ना, मग आधीच फुटलेला पदार्थ घ्या. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू, त्याचं आणखी काय बिघडणार? त्यात लेसरची अतिशय आखूड, अतिशय प्रखर पल्स, म्हणजे प्रकाशाचा झटका, सोडायची. वर्गात मी हे माळेगावच्या यात्रेवर बेततो. पालखी गर्दीतून निघते तेव्हा समोरची माणसं दोन्ही अंगांना सरकतात आणि पालखी पुढं गेली की तीच माणसं मागची मोकळी जागा भरायला दणकन आत येतात. पालखी म्हणजे पल्स, माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन. त्या लोंढ्यात जो नेमका पालखीच्या पाठीशी सापडला, तो स्वतः पाऊल न उचलता पुढं ढकलत नेला जातो. घनसेंटिमीटरला दहाचा अठरावा घात इतके इलेक्ट्रॉन असलेल्या प्लाझ्मात या लाटेचं क्षेत्र मीटरमागे सुमारे १०० अब्ज व्होल्ट भरतं. धातूच्या डब्यापेक्षा हजारपट.

तेव्हा असा लेसर अस्तित्वात नव्हता. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी पल्स आधी ताणायची, मग वाढवायची आणि शेवटी दाबून आखूड करायची ही युक्ती काढली. त्याचं नोबेल मिळायला २०१८ उजाडलं. २००४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी एकाच वेळी दाखवलं की या पद्धतीनं बऱ्यापैकी एकसारख्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निघतात. पुढचे आकडे बर्कली प्रयोगशाळेचे : २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरमध्ये १ जीईव्ही, २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरमध्ये ४.२, २०१९ मध्ये २० सेंटिमीटरमध्ये ७.८, आणि २०२४ च्या शेवटी ३० सेंटिमीटरमध्ये जवळपास १०.

आता माझं मत. 'टेबलावर मावणारं सर्न' हे छापून येतं ते अर्धं खरं. लहान झाला तो इलेक्ट्रॉनचा रस्ता. त्याला ढकलणारा लेसर अजून खोलीभर, कुठं कुठं इमारतभर आहे. चर्चा होऊ द्या.

---

बालाघाटी

सर, लेख झकास. आमच्याकडं पालखीत मागून ढकलत नेलेल्या माणसाचा मोबाईल हमखास जातो, ते प्लाझ्मात कोण करतं?

गंमत सोडा, एक अडतंय. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र त्याच्या जाण्याच्या दिशेला आडवं असतं असं तुम्हीच बारावीला शिकवता. मग इलेक्ट्रॉन उजवीकडं-डावीकडं हालायला पाहिजे. पुढं कसा पळतो?

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

मूळ अंबाजोगाईचा, सध्या याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून राहवेना.

बालाघाटी, प्रश्न नेमक्या ठिकाणी आहे. मोकळ्या निर्वातात लेसर आणि इलेक्ट्रॉन दोघंच असतील तर इलेक्ट्रॉन अर्ध्या आवर्तनात जे कमावतो ते पुढच्या अर्ध्यात गमावतो. शेवटी बेरीज जवळपास शून्य. लॉसन-वुडवर्ड प्रमेय म्हणतात त्याला. म्हणून कुणीतरी मध्यस्थ लागतो, आणि प्लाझ्मा तो मध्यस्थ. लेसरचं आडवं क्षेत्र इलेक्ट्रॉनला थरथरवतं. पल्सच्या मधोमध प्रखरता जास्त, कडेला कमी, त्यामुळे थरथरणारा इलेक्ट्रॉन सरासरीनं कमी प्रखरतेकडं, म्हणजे बाहेर, फेकला जातो. आयन जड. हायड्रोजनचासुद्धा इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट. तो तेवढ्या वेळात जागचा हलत नाही. मागं उरते धन प्रभाराची पोकळी, आणि ती इलेक्ट्रॉनांना परत ओढते. सरांच्या यात्रेत लोंढा आत का येतो याचं कारण नव्हतं, ते हे. पल्सच्या मागं जे क्षेत्र तयार होतं ते मात्र पुढच्या दिशेचं, आणि ते पल्सबरोबर जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सरकत राहतं.

पोकळी किती मोठी? सरांनी दिलेल्या घनतेला साधारण ३३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाच्या जाडीच्या निम्मी. त्यात इलेक्ट्रॉन नेमक्या जागी, नेमक्या क्षणी घुसवायचे. हीच सगळी मारामारी.

आमच्याकडं ती अशी होते. निर्वात पेटीत बारीक तोंडातून हेलियम जोरात सुटतो, फवाऱ्यासारखा, काही मिलिमीटरचा. त्या फवाऱ्याच्या कडेला चक्क दाढीचं ब्लेड आडवं लावतात. होय, दुकानात मिळतं तेच. वायू आवाजापेक्षा जास्त वेगानं येतो, तो ब्लेडच्या धारेवर आपटून धक्कालहर उठते आणि घनतेला एकदम पायरी पडते. लेसर ती पायरी उतरतो तिथं पोकळी अचानक मोठी होते आणि मागच्या कडेचे इलेक्ट्रॉन आत सापडतात. ब्लेड एखाद्या मिलिमीटरचा छोटा हिस्सा इकडं-तिकडं सरकवलं की बाहेर येणारी ऊर्जा बदलते. कोट्यवधींच्या लेसरसमोर पाच-दहा रुपयांचं पातं आणि सगळा गट त्याच्याकडं बघत बसलेला.

दुसरी रीत हेलियममध्ये थोडा नायट्रोजन मिसळायची. नायट्रोजनचे आतले इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात, ते पल्सच्या शिखरालाच सुटतात, म्हणजे थेट पोकळीच्या आत जन्मतात. सोपं आहे, पण ऊर्जेत पसारा होतो, सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी येत नाही.

---

वेरूळच्या_वाटेवर

पेटावॅट, पेटावॅट म्हणतात ते डोक्यात बसंना. म्हणजे एवढी वीज लागते का? इथं उन्हाळ्यात आमचा ट्रान्सफॉर्मर बसतो.

---

पूर्णाकाठ

वीज तेवढी लागत नाही, त्यातच मजा आहे. बर्कलीच्या बेला लेसरचं घ्या. एका पल्समध्ये साधारण ४० जूल. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा साडेचार सेकंद जळाला की तेवढी ऊर्जा संपते. फक्त हे ४० जूल ते ४० फेम्टोसेकंदांत सोडतात (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). भागाकार करा : दहाचा पंधरावा घात वॅट, म्हणजे एक पेटावॅट. परळीचं औष्णिक केंद्र ७५० मेगावॅटचं धरलं तर तशी तेरा लाखांहून जास्त केंद्रं. पण चाळीस फेम्टोसेकंदांपुरती! तेवढ्यात प्रकाश जेमतेम १२ मायक्रॉन पुढं जातो.

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

सरांचा हिशेब बरोबर, पण त्यात एक खर्च लपतो. ते ४० जूल लेसरमधून बाहेर आलेले. टायटेनियम-सफायर जातीच्या या लेसरांना भिंतीतून जेवढी वीज लागते तिचा हजारावा भागसुद्धा प्रकाश होऊन बाहेर पडत नाही. बाकीची सगळी उष्णता. म्हणून बेला सेकंदाला एकच पल्स सोडतो. कणांच्या टकरीसाठी यंत्र बांधायचं तर सेकंदाला हजारो पल्स पाहिजेत. सरांचं 'अर्धं खरं' इथं पटतं. इलेक्ट्रॉनच्या रस्त्यावर आम्ही कधीच पुढं गेलोय, लेसर मागं राहिलाय.

आणि शेवटच्या टप्प्यात पल्स दाबून आखूड केली की ती हवेतून नेताच येत नाही, हवाच तिला बिघडवते. काचेतून तर नाहीच. म्हणून किरण वीतभर रुंद करून, निर्वात नळ्यांतून, फक्त आरशांवरून न्यायचा. त्या नळ्या, ते पंप, ते मोठे आरसे फोटोत सहसा येत नाहीत. फोटोत बोटभर नीलमण्याची केशनळी हातात धरलेला शास्त्रज्ञ असतो.

---

मांजराकाठचा

मी लातूरचा. विज्ञानातलं फार कळत नाही, पण एक विचारायचंय. आमच्या वडिलांना रेडिएशनसाठी बार्शीला न्यावं लागायचं. बीड-धाराशिव-लातूरची अर्धी माणसं तिथंच भेटायची, डबे घेऊन व्हरांड्यात बसलेली. तिथल्या यंत्रालाही इलेक्ट्रॉन पळवणारं यंत्रच म्हणतात असं एका तंत्रज्ञानं सांगितलं होतं. हे लेसरचं आलं तर स्वस्तात तालुक्याला यंत्र बसेल का? पेपरात तसं वाचलेलं.

---

लायनॅकवाले_काका

मांजराकाठचा, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो कारण माझं पोट त्याच यंत्रावर चालतं. मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आहे.

नाही बसणार. आणि कारण ऐकाल तर गंमत वाटेल. आमच्या लायनॅकमध्ये, म्हणजे रेडिएशनच्या यंत्रात, इलेक्ट्रॉन पळवणारी नळी आधीच लहान आहे! ६ एमव्हीच्या (६० लाख व्होल्टच्या) यंत्रात ती साधारण हातभरसुद्धा नसते. म्हणजे लेसर-प्लाझ्मा जिथं लांबी वाचवतो, तिथं आमच्याकडं वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही. पैसा जातो तो बाकीच्यात. रुग्णाभोवती अचूक फिरणारा जड सांगाडा, किरणांना गाठीचा आकार देणाऱ्या टंगस्टनच्या पट्ट्या, नियोजनाचं सॉफ्टवेअर आणि बंकर. त्या खोलीच्या काँक्रीटच्या भिंती मीटरहून जाड, छताचा तोच प्रकार, आत जायला वळणाचा बोळ. इलेक्ट्रॉन लेसरनं पळवा नाहीतर मॅग्नेट्रॉनच्या रेडिओ लहरींनी, टार्गेटवर आदळला की क्ष-किरण निघणारच आणि भिंत तेवढीच जाड लागणार. अणुऊर्जा नियामक मंडळ 'टेबलावर मावतं' म्हणून सूट देत नाही.

रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी आम्ही आयनीभवन कक्ष लावून मात्रा तपासतो. कालच्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसला की यंत्र थांबवायचं. आता अंबाजोगाईकरांना विचारा, त्यांच्या दोन लागोपाठच्या पल्समध्ये किती फरक असतो?

मे महिन्यात चिलर बंद पडून यंत्र तासन्‌तास अडलेलं मी पाहिलंय. रुग्ण बाहेर उन्हात, नातेवाईक आमच्यावर चिडलेले, आणि आत सगळं ठणठणीत, फक्त पाणी थंड होईना. यंत्र स्वस्त करण्यापेक्षा ते सलग चालेल अशी वीज, चिलर आणि दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याला मिळाला तरी खूप रुग्णांच्या खेपा वाचतील. मुंबईच्या 'समीर' संस्थेनं ६ एमव्हीचा देशी लायनॅक केलेला आहे, त्या वाटेनं तालुक्याच्या जवळ जाता येईल. लेसरच्या वाटेनं नाही.

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

काका, लागोपाठच्या पल्समध्ये काही टक्के फरक सहज पडतो. चांगल्या दिवशी ऊर्जेत एक टक्क्याच्या आसपास, वाईट दिवशी विचारू नका. मोठ्या रेडिओ-लहरींच्या त्वरकात हाच फरक टक्क्याच्या दहाव्या भागाखाली असतो. पण सुधारतंय. हॅम्बर्गच्या डेझी प्रयोगशाळेत २०२० मध्ये असा त्वरक अखंड २४ तास चालवून एक लाख इलेक्ट्रॉन-पुंजके काढले. ऐकायला किरकोळ वाटेल. त्याआधी 'सकाळी जुळवलं, दुपारी बिघडलं' हाच कारभार होता.

आणि उपचारात एक जागा उरते. तुमचे इलेक्ट्रॉन ६ ते २० एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट), ते कातडीखाली काही सेंटिमीटर जाऊन थांबतात, म्हणून खोल गाठीला तुम्ही क्ष-किरण वापरता. १०० ते २५० एमईव्हीचे इलेक्ट्रॉन शरीराच्या आरपार जातात. त्यांनी खोल गाठीवर थेट उपचार करता येतील का यावर काम चाललंय. रेडिओ लहरींनी तेवढी ऊर्जा द्यायची तर काही मीटर लांबी लागते, ती रुग्णालयात अडचणीची. लेसरला ती मिलिमीटरात मिळते.

---

लायनॅकवाले_काका

ते मान्य. पण ते रुग्णापर्यंत पोचायला मात्रेची खात्री पाहिजे, आणि सर्नसारखे लोक तीच ऊर्जा दाटीवाटीच्या तांब्याच्या डब्यांतून काढायच्या मागं आहेत. लॉझानच्या रुग्णालयाबरोबर त्यांचं काम चालू आहे. शर्यतीत तुम्ही एकटे नाहीत.

---

तिरकस_तुळजापूरकर

सगळं वाचलं. इंदूरच्या इंडस-२ चा घेर १७२ मीटर आणि ऊर्जा अडीच जीईव्ही. तुम्ही म्हणता तेवढी नऊ सेंटिमीटरमध्ये मिळते. मग इंडस मोडीत का काढत नाहीत? का हे आकडे नुसते टाळ्यांसाठी?

---

पूर्णाकाठ

तुळजापूरकर, नावाप्रमाणं तिरकस पण रास्त प्रश्न. इंडस-२ हे साठवण-वलय आहे. त्यात इलेक्ट्रॉन एकदा भरले की तासन्‌तास फिरत राहतात आणि वळताना जे क्ष-किरण सोडतात त्यावर एकाच वेळी कितीतरी प्रयोग चालतात. कुणी औषधाचा रेणू बघतो, कुणी धातूचा थर. लेसरवाला इलेक्ट्रॉन एकदाच येतो आणि आदळून संपतो. ऊर्जेचा आकडा सारखा आला म्हणून काम सारखं होत नाही. वर्तमानपत्रातल्या तुलना नेमक्या इथं फसतात.

आणि गंमत म्हणजे लेसर-प्लाझ्माचे आपल्याकडचे प्रयोगही त्याच इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात होतात, १५० टेरावॅटच्या लेसरवर (हजार टेरावॅट म्हणजे एक पेटावॅट). लायगो-इंडियाच्या चार भागीदारांतही हे केंद्र आहे. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्थाही आहे. तिचे पहिले संचालक प्रेधिमान कौ यांनी १९७० मध्ये प्रखर लेसर प्लाझ्मात कसा पसरतो यावर जॉन डॉसनबरोबरच शोधनिबंध लिहिला होता. तेच ते १९७९ चे डॉसन. तेव्हा ढकलपत्र लिहिणाऱ्यानं खिचडी केली खरी, पण डाळ-तांदूळ एकाच घरचे निघाले.

---

तिरकस_तुळजापूरकर

मग तोच लेसर औंढ्याच्या चार किलोमीटरच्या नळीत का लावू नये? फुकट बांधलेली निर्वात नळी आहे.

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

हाहा. लायगोच्या आरशांवर आमची एक पल्स पडली तर शास्त्रज्ञ आम्हाला नागनाथाच्या पायरीवर बसवतील. तिथला लेसर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अखंड, स्थिरतेसाठी केलेला. आमचा ८०० नॅनोमीटरचा, सेकंदातून एकदा कडाडणारा.

पण लांबीचा मुद्दा गंभीरपणे घेऊ. प्लाझ्मातला रस्ता हवा तेवढा वाढवता येत नाही. प्लाझ्मात लेसर प्रकाशाच्या वेगाहून किंचित हळू चालतो. इलेक्ट्रॉनचा वेग वाढत वाढत त्याच्या पुढं गेला की तो लाटेच्या उलट्या उतारावर येतो आणि कमावलेली ऊर्जा परत द्यायला लागतो. शिवाय पल्सची ताकद लाट उठवण्यात संपते. घनता कमी केली तर रस्ता लांबतो, पण क्षेत्र पडतं. म्हणून आकड्यांकडं बघा : ३.३ सेंटिमीटरला १, आणि ३० सेंटिमीटरला १०. लांबी वाढली तरी मीटरमागची कमाई वाढली नाही, ती ३०-५० अब्ज व्होल्टच्या घरातच राहिली.

त्यापुढं जायचं तर एका टप्प्यातून निघालेला पुंजका ताज्या पल्सच्या दुसऱ्या टप्प्यात घालायचा. बर्कलीनं २०१६ मध्ये हे करून दाखवलं. दुसऱ्या टप्प्यानं १०० एमईव्ही भर घातली, पण पुंजक्यातला थोडाच भाग सापडला. मायक्रॉनच्या पोकळीत, फेम्टोसेकंदाच्या अचूकतेनं, धावता पुंजका टाकायचा. असे शंभर टप्पे? आमच्या गटातही यावर दोन तट आहेत. मी शंका घेणाऱ्यांत.

---

देगलूरची_दीपा

चिपवरच्या त्वरकाचं कुणी काढलंच नाही. तिथं प्लाझ्मा नाही, गॅस नाही, पेटावॅट नाही.

काचेच्या किंवा सिलिकॉनच्या तुकड्यावर नॅनोमीटर मापाचे खांब कोरतात, मधे अरुंद बोळ. लेसर बाजूनं पाडायचा. खांबांमुळं प्रकाशाचं क्षेत्र असं मोडतं की बोळातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते सतत पुढं ढकलणाऱ्या बाजूनंच भेटतं. अंबाजोगाईकरदादांनी वर मध्यस्थ लागतो म्हटलंय, इथं मध्यस्थ खांब. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड आणि जर्मनीतल्या गटांनी पहिल्यांदा दाखवलं. २०२३ मध्ये एर्लांगेनच्या गटानं अर्ध्या मिलिमीटरच्या रचनेत इलेक्ट्रॉन २८.४ वरून ४०.७ केईव्हीवर नेले (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट). शिवाय वाटेत ते भिंतीला न धडकता एकत्र राहिले, खरी कमाल तीच.

---

लायनॅकवाले_काका

दीपाताई, ४०.७ केईव्ही म्हणजे आमच्या साध्या एक्स-रे ट्यूबच्या निम्मं. आणि प्रवाह?

---

देगलूरची_दीपा

प्रवाह नगण्य, काका. बोळ काहीशे नॅनोमीटरचा, त्यात इलेक्ट्रॉन मावणार किती! पण इथं लेसर खरोखर लहान आहे. सरांची कसोटी लावायची तर प्लाझ्मावाल्यांचा रस्ता लहान आणि लेसर मोठा. चिपवाल्यांचं दोन्ही लहान, पण मिळकतही लहान.

मधला एक रस्ता हैदराबादच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं) काढलाय, नांदेडहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचाल इतका जवळ. २०२४ मध्ये त्यांचं प्रसिद्ध झालं. मिथेनॉलचे मायक्रॉन मापाचे थेंब एकामागून एक सोडायचे. आधीची हलकी पल्स थेंबाला खोलगट आकार देते, पाठोपाठची मुख्य पल्स त्या खोलगट भागात लाटा उठवते आणि एमईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. यासाठी लागणारी प्रखरता एरवीच्या अंदाजापेक्षा शंभरपट कमी. लेसर मिलिजूलवाला, सेकंदाला हजार वेळा चालणारा. असे लेसर बऱ्याच प्रयोगशाळांत असतात. त्यातून जीईव्हीचा नेमका किरण मिळत नाही, पण एमईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि त्यांचे क्ष-किरण हवे असणाऱ्याला पेटावॅटच्या दारात उभं राहावं लागत नाही.

---

बालाघाटी

दीपाताईंचा प्रतिसाद वेगळा धागा करण्यासारखा आहे. संपादक मंडळ, बघा.

---

मांजराकाठचा

काका, उत्तर कडू होतं पण सरळ दिलंत, आभार. चिलरचं खरंय. आम्हीबी एकदा बार्शीला जाऊन मुक्काम ठोकला होता, यंत्र दुसऱ्या दिवशी लागलं.

---

सायन्सचा_सोन्या

नमस्कार. नांदेडला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स-मॅथ्स. लातूरला असताना नीटच्या मागं लावलं होतं घरच्यांनी, नाही जमलं, आता हेच आवडायलंय. अंबाजोगाईकरदादा, मला या विषयात यायचंय. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेलियम-निऑन लेसर आहे, तोबी कपाटात. आत्तापासून काय करू शकतो? घरचे म्हणायलेत बीएड कर.

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

सोन्या, आधी तो हेलियम-निऑन कपाटातून काढायला लाव. आरसे जुळवायची सवय त्याच्यावरच लागते. दोन आरसे, दोन छिद्रं, किरण दोन्ही छिद्रांतून नेमका न्यायचा. पेटावॅटच्या प्रयोगशाळेतही दिवसाचा अर्धा वेळ हेच चालतं, फक्त आरसे महाग.

मग एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा दे. त्यानंतर जेस्ट किंवा टीआयएफआरची परीक्षा, किंवा इंदूरला होमी भाभा संस्थेमार्फत पीएचडी. विद्युतचुंबकत्व पक्कं कर, बाकी येतं मागून. बीएडचा फॉर्मही भरून ठेव, घरच्यांशी भांडून भौतिकशास्त्र होत नाही.

आणि प्रयोग घरी करता येतो, संगणकावर. प्लाझ्मातले कण आणि क्षेत्र पावला-पावलानं सोडवणाऱ्या आज्ञावल्या खुल्या आणि फुकट आहेत. एपोक, स्माइली, एफबीपिक. लिनक्स टाक, एकमितीपासून सुरू कर. साध्या लॅपटॉपवर चालतं.

---

सायन्सचा_सोन्या

आकडे काय घालू दादा? लॅपटॉप ८ जीबीचा आहे, भावाचा.

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

८ जीबी एकमितीला भरपूर. तरंगलांबी ०.८ मायक्रॉन, एका तरंगलांबीत निदान तीस घरं, पल्स ३० फेम्टोसेकंद, लेसरची प्रमाणित ताकद म्हणजे ए-शून्य २, आणि घनता घनसेंटिमीटरला ४ गुणिले दहाचा अठरावा घात. हीच घनता का? त्यात प्लाझ्माची तरंगलांबी सुमारे १७ मायक्रॉन येते आणि तुझी पल्स साधारण त्याच्या निम्मी, ९ मायक्रॉन. लाट तिथं जोरात उठते. मग घनता दुप्पट कर, निम्मी कर, आणि पल्सच्या मागचं क्षेत्र कसं बदलतं त्याचे आलेख ठेव. एकमितीत इलेक्ट्रॉन आपोआप लाटेत सापडायला अवघड जातात, त्यामुळं सुरुवातीला 'एकही पळंना' म्हणून घाबरू नको. आधी फक्त लाट बघ.

---

सायन्सचा_सोन्या

स्माइली उतरवून घेतलं. कंपाइल होताना लाइट गेली. रात्री परत लावतो.

---

प्लाझ्मातला_अंबाजोगाईकर

चेकपॉइंट दर काही हजार पावलांना लिहून ठेवायचा पर्याय आहे त्यात, तो आधी चालू कर. अडलं तर त्रुटीचा पूर्ण मजकूर इथं चिकटव, फोटो काढून टाकू नको.